आरे-वाऱ्याची सहल

अविश्वासाचा ठराव दाखल झाला की मेंबरांना गावात ठेवायचं नाही, ही रीत गावाने टीव्ही बघून उचलली होती. मोठ्या लोकांचे आमदार विमानाने जातात, आपले मेंबर जीपने जातात, एवढाच काय तो फरक. मंडणगड तालुक्याच्या एका कोपऱ्यातलं, डोंगराच्या पोटातलं हे गाव. एसटी आली तर आली. पण गेल्या पंधरा वर्षांत इथल्या एकाही सरपंचाने पाच वर्षं पुरी केली नव्हती, आणि प्रत्येकाला पाडायच्या आधी एक सहल निघाली होती. एकदा हर्णैला, एकदा गणपतीपुळ्याला. या खेपेला उपसरपंच निलेशने आरे-वारे ठरवलं. तिथे दोन समुद्रकिनारे शेजारीशेजारी आहेत, एकाच्या पैशात दोन बघून होतात, असं तो जीपमध्ये सगळ्यांना सांगत होता.

हौसा पुढच्या सीटवर बसली होती. निलेशने स्वतः दार उघडून तिला तिथे बसवलं होतं. मागे जानू आणि गोदा हे कुणबीवाडीतले दोन मेंबर, त्यांच्यामागे निलेशचा मेहुणा, आणि अगदी शेवटी, स्टेपनीला टेकून, कातकरवाडीची सखू. सातांपैकी सहा मेंबर जीपमध्ये होते. सातवी गावात राहिली होती, कारण पाडायचं तिलाच होतं. ती म्हणजे सरपंच रसिका, हौसाची धाकटी जाऊ.

जावा जावा, उभा दावा, असं म्हणतात. पण या घरात तसं कधी नव्हतं. रसिका लग्न होऊन आली तेव्हा तिला चुलीवर भात शिजवता येत नव्हता. हौसाने तिला शिकवलं, तिची दोन्ही बाळंतपणं काढली. रसिका तिला आक्का म्हणायची आणि विचारल्याशिवाय बाजारालाही जायची नाही. मग पंचायतीची निवडणूक आली. खुर्ची अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव झाली, बौद्धवाडीतून दोघी जावा निवडून आल्या, आणि तशा बाया पंचायतीत त्या दोघीच होत्या. सरपंच मेंबरांतून निवडायचा होता. दोघींतली कोण, हे वाडीच्या रिवाजाप्रमाणे मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईत नोकरीला असलेल्या वाडीकरांनी, ठरवायचं होतं. मंडळाचा चिटणीस होता महेंद्र, हौसाचा नवरा.

महेंद्र मुंबईत एका शाळेत शिपाई आहे. तो शिमग्याआधीच्या रविवारी मंडळाची माणसं घेऊन आला, विहारात बैठक झाली, आणि त्याने उठून रसिकाचं नाव घेतलं. ती बारावी झालेली आहे, तहसीलदारापुढे बोलायला बिचकत नाही, वाडीचं भलं होईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हौसानेही वाजवल्या. घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं नाही की माझं नाव तुझ्या तोंडात का आलं नाही. विचारलं असतं तर त्याने कारणं दिली असती, आणि ती सगळी खरी निघाली असती, हेच तिला नको होतं.

त्या दिवसापासून हौसाला एकेक गोष्ट सलायला लागली. पंचायतीच्या सभेत रसिका तिला 'हौसाताई मेंबर' म्हणायची, कारण तिथे आक्का म्हणणं शोभलं नसतं. वाडीतल्या बाया रेशनकार्ड घेऊन दारात यायच्या आणि हौसाला विचारायच्या, सरपंचबाय हाय का घरात? वीस वर्षं ज्या दारात तिचा शब्द चालला तिथे ती आता निरोप्या झाली होती. नाकापेक्षा मोती जड झाला, असं ती एकदा सासूजवळ बोलून गेली. सासू, सीता, म्हणाली की मोती आपल्याच नाकात हाय गो, मग जड झाला तरी काय. हौसाला ते पटलं नाही. नाक तिचं नव्हतंच.

हे निलेशला कसं कळलं कोण जाणे. अशा गोष्टी त्याच्या घराण्याला नेहमीच कळत आल्या होत्या. तो खोताच्या घरचा. खोती गेली, कायदे झाले, तरी वरच्या वाडीतलं ते घर अजून खोताचंच घर होतं आणि डोंगरावरची काजूची बाग त्यांचीच. कातकऱ्यांच्या झोपड्याही त्यांच्याच जागेत होत्या. रसिका त्या झोपड्यांना गायरानात हक्काची जागा द्यायचा ठराव घेऊन बसली होती. गायरान निलेशच्या बागेला लागून होतं, आणि पावसाळ्यात त्याच्या बागेत फुकटात राबणारे हात त्याच झोपड्यांतून येत. त्याने ठराव दोनदा बारगळवला. तिसऱ्यांदा रसिका तहसीलदाराकडे गेली, तेव्हा त्याने तिला पाडायचं ठरवलं.

गेल्या आठवड्यात त्याने हौसाला घरी बोलावलं होतं. हौसाचे सासरे केरू जन्मभर त्या घराच्या खळ्यात, बाहेरच्या अंगणात, उभे राहिले. धर्म बदलला, घरातले देव नदीत सोडले, पण जमीन खोताची अर्धेलीने केलेली, तेव्हा सुगीला खळ्यात उभं राहणं चुकलं नाही. खळ्यातून पडवीत पाय टाकायची त्यांची टाप नव्हती. निलेशने हौसाला खळ्यातून पडवीत नेलं, पडवीतून ओटीवर नेलं, आणि खुर्ची दिली. त्याच्या बायकोने कपबशीतून चहा आणला, पोहे आणले. समोर भिंतीवर निलेशच्या आज्याचा फोटो होता. हौसा त्या फोटोकडे बघत चहा प्यायली आणि तिला वाटलं, केरूमामंजी, बघा.

निलेश फारसं बोलला नाही. पैशाचं तर नावच काढलं नाही. एवढंच म्हणाला, "घरात मोठी कोण, हे गावाला कळत नाय असं नाय, हौसाताई. तुमच्या माणसांनाच कळलं नाय."

हौसाने तिथल्या तिथे हो म्हटलं. बाई सरपंच असली की तिला काढायला सातांतले सहा हात लागतात. म्हणजे रसिका सोडून सगळेच. तीन हात निलेशच्या मुठीत होते, त्याचा स्वतःचा, मेहुण्याचा आणि जानूचा. गोदाला तिच्या दिराने सांगितलं होतं. सखूचा हात तर धरलेलाच, असं सगळे धरून चालत. ज्याच्या जागेत झोपडी त्याच्याबरोबर हात. राहिली होती हौसा. आणि रसिका पडली की खुर्ची दुसरीकडे जाऊच शकत नव्हती.

घरी तिने सांगितलं, अंजनवेलला माहेरी जाते, आईला बरं नाही. रसिकाने पहाटे उठून नाचणीचे लाडू केले आणि डबा भरून दिला. "आयेला मऊ लागतील असं केलेत, आक्का," ती म्हणाली. त्या डब्यातले निम्मे लाडू चिपळूणच्या पुढे निलेशच्या मेहुण्याने खाल्ले आणि छान झालेत म्हणाला.

रिसॉर्ट म्हणजे सुरूच्या झाडांत बांधलेल्या चार खोल्या आणि पुढे एक मांडव. पोचताक्षणी मेहुण्याने सगळ्यांचे फोन चार्जिंगला म्हणून गोळा केले आणि आपल्या पिशवीत टाकले. कुणी हरकत घेतली नाही. जेवायला सुरमई होती. जानू समुद्राकडे पाठ करून बसला. म्हणाला, एवढं पानी आन आमच्या विहिरीला तळ दिसतोय, बघवत नाय.

जेवणानंतर आडवं व्हायला खोल्या वाटून दिल्या. गोदा आपल्या खोलीत एकटी, कारण तिला कुणाचं घोरणं चालत नाही. हौसा आणि सखू एका खोलीत. खोलीत डबल बेड होता, पांढरी चादर, दोन उशा. हौसा एका बाजूला बसली. सखू दारात उभी राहिली. तिने बेडकडे बघितलं, मग हौसाकडे बघितलं.

ये म्हणायला एक शब्द पुरला असता. हौसाने पाय वर घेतले, पदर सारखा केला आणि आपली पिशवी शेजारच्या उशीवर ठेवली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, किंवा होतं तर ते इतकं जुनं होतं की तिला दिसलं नाही. सखू कोळशाच्या भट्ट्यांवर राबणारी, अंगाला धुराचा वास, पायांना भेगा. सखूने खांद्यावरचं फडकं फरशीवर पसरलं आणि ती त्यावर बसली.

थोड्या वेळाने हौसाने सहज विचारलं, तुला काय देणार म्हणाला निलेश? सखू हसली. तिने सांगितलं की नळाची पाइपं कालच येऊन पडली आहेत, वाडीच्या तोंडाशी. बसवणार कधी ते विचारायचं नाही.

"मागल्या टायमाला हातपंप आला. त्याच्या आदी माझी सासू मेंबर होती, तवा पत्रं आलं," सखू म्हणाली. "सरपंच घट्ट बसला ना बाय, की आमच्याकडं कोन येत नाय. खुर्ची हालली की समदी चढ चढून वर येत्यात. म्हनून आमी हालवतो. गावाला वाटतं कातकरी फितूर. आमाला दुसरं काय हाय हालवाया?"

हौसाला हे नवीन होतं. पंधरा वर्षं गाव सरपंच टिकत नाही म्हणून कपाळाला हात लावत होतं, रस्ता अर्धा, शाळेचं छप्पर अर्धं, आणि कारण इथे फरशीवर बसून पाय चोळत होतं. पण तिचं लक्ष त्यात फार रमलं नाही. तिने विचारलं, आणि रसिका? ती येते ना तुमच्याकडे?

"ती येते," सखू म्हणाली. "खुर्ची हालत नव्हती तवा पन आली. भाकर खाल्ली, सुकटीची चटनी खाल्ली. गायरानाचं बोलली. आता झालं तर खरं."

हौसाला वाटलं होतं की सखू काहीतरी उणं सांगेल. ते आलं नाही. उलट ही बयासुद्धा रसिकाचंच गाणं गायला लागली. हौसा भिंतीकडे तोंड करून पडली आणि मनात म्हणाली की भाकर खाणं सोपं असतं, घरचं सगळं कुणीतरी दुसरं सांभाळत असलं की. ती वर जाऊन भाकर खात होती तेव्हा तिच्या पोरांना मी न्हाऊ घालत होते. हे कुणी सांगत नाही.

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेले. निलेशने हौसाला बाजूला घेऊन सांगितलं की पहिल्याच सभेत गायरानाचा ठराव मागे घ्यायचा, कागद तो तयार ठेवील, तिने फक्त सही करायची. बाकी मान सगळा तिचा. हौसाने विचारलं की पंधरा ऑगस्टला झेंडा मी फडकवायचा ना. निलेश म्हणाला, म्हणजे काय, सरपंच तुम्ही. त्याला हसू आलेलं तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी जीप कुणाच्याही घरी न थांबता सरळ पंचायतीच्या कचेरीपुढे येऊन उभी राहिली. आवारात दोन पोलीस होते, निम्मं गाव होतं, आणि पायरीवर रसिका उभी होती. हौसा पुढच्या सीटवरून उतरली. रसिकाने जीप बघितली, निलेश बघितला, मग हौसा बघितली. तिचा चेहरा एकदम उतरला, पण ती पुढे आली.

"आक्का, आये बरी हाय ना?" तिने विचारलं.

हे तिने साधेपणाने विचारलं की टोचायला, ते हौसाला आजतागायत कळलेलं नाही. ती म्हणाली, बरी हाय, आणि आत गेली.

तहसीलदार टेबलामागे बसले. त्यांनी ठराव वाचला: सरपंच विश्वासात घेत नाहीत, कारभार मनमानी आहे. मग रसिकाला बोलायचं असेल तर बोला म्हणाले. रसिका उभी राहिली. तिने मोरपंखी साडी नेसली होती. ती साडी महेंद्रने दिवाळीला दादरहून आणली होती. दोन आणल्या होत्या, एक मोरपंखी, एक मातकट. आणि तो म्हणाला होता, सरपंचबाईंना आधी निवडू दे, त्यांना चार लोकांत बसायचं असतं. हौसाच्या वाट्याला मातकट आली. रसिका गायरानावर काय बोलली, कातकऱ्यांवर काय बोलली, यातलं हौसाच्या कानांत काही शिरलं नाही. जीपमधून येताना खेडच्या घाटात तिला वाटून गेलं होतं की नको, हात खालीच ठेवू. आता ती फक्त साडीचे काठ बघत होती.

ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा, तहसीलदार म्हणाले.

निलेशचा हात गेला, मेहुण्याचा गेला. जानूचा सावकाश गेला. गोदाचा गेला. हौसाने रसिकाकडे बघितलं. रसिका तिच्याकडेच बघत होती. ती विनवत नव्हती, रागावलेलीही नव्हती. आक्का असं करणार नाही, एवढंच तिच्या तोंडावर होतं, सगळं दिसत असूनही. त्या भरवशाचाच हौसाला संताप आला. वीस वर्षं तिला सगळ्यांनी असंच धरून चालवलं होतं. तिने हात वर केला, आणि नीट दिसेल असा वर केला.

पाच झाले. सगळ्यांनी सखूकडे बघितलं.

सखूचे दोन्ही हात मांडीवर होते. निलेशने घसा खाकरला. तहसीलदारांनी पुन्हा विचारलं, तुम्हाला समजलं ना काय विचारलंय ते? सखू म्हणाली, समजलं. हात काही हलला नाही. तहसीलदारांनी ठराव फेटाळला गेल्याचं सांगितलं आणि रसिका अजून सरपंच आहे असं जाहीर केलं. बाहेर बौद्धवाडीच्या पोरांनी घोषणा सुरू केल्या. हौसाचा हात अजून वरच होता. गोदाने तिला कोपराने ढोसलं तेव्हा तिने तो खाली घेतला.

आवारात गर्दीतून वाट काढत हौसा सखूपर्यंत पोचली. तिला स्वतःला बोलायचं होतं की नव्हतं हेही ठाऊक नव्हतं. निलेश कडेला मेहुण्याशी हळू आवाजात बोलत होता आणि मधूनमधून सखूकडे बघत होता.

"तुझी झोपडी काढील तो," हौसा म्हणाली. "येडी झालीस काय गो?"

"काढील," सखू म्हणाली. "त्याला काढायची आसंल तवा काढीलच. हात वर केला तरी." पुढचं तिने कुठलाही राग न दाखवता सांगितलं. "रसिकाबाय आली तवा माझ्या गोधडीवर बसली. तुज्यापाशी येवडी मोटी खाट व्हती. तू पिशवीला जागा दिलीस. तुला मी वर कशाला चढवू?"

ती निघून गेली. हौसा तिथेच उभी राहिली. तिला आठवले ते खळ्यात उभे राहिलेले सासरे नव्हेत, निलेशच्या ओटीवरची खुर्चीही नव्हे. तिला आठवला सखू दारात थांबली होती तेवढा एक क्षण, आणि आपण तेव्हा पदर सारखा करत होतो. तोंडात मारल्यासारखं झालं तिला.

घरी जायला दीर दीपकची, रसिकाच्या नवऱ्याची, रिक्षा होती, दुसरं काही नव्हतं. दीपक पुढे. मागे दोघी जावा. वाडीत चढणाऱ्या दगडी पाखाडीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. उतरताना रसिकाने हौसाची पिशवी हातात घेतली, सवयीने. हौसाने ती परत ओढून घेतली.

सीता पडवीत वाट बघत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान शाबूत. वाडीतली पोरं आधीच ओरडत गेली होती, तेव्हा रसिका टिकल्याचं तिला कळलं होतं. पाच हात विरोधात गेले हेही कळलं होतं. ती खुशीत होती. रसिकाला तिने जवळ बसवलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग विचारलं, "पाच कोन कोन गो? मला नावं सांग. निलेश आन त्याचा मेव्हना दोन. बाकीची तीन?"

"जानू," रसिका म्हणाली. "गोदा."

"आन पाचवा?"

दीपक चपला काढता काढता तसाच उभा राहिला. हौसा उंबऱ्यात होती.

"सखू," रसिका म्हणाली. "कातकरवाडीची."

सीता म्हणाली, वाटलंच, त्या लोकांचं काय, कुणीबी उचलावं. हौसाला कळलं की आता इथून पुढे हे असंच राहणार. गावातून कळायचं ते कळेल, पण रसिका स्वतः कधीही कुणाला सांगणार नाही, महेंद्रलाही नाही. ती तिला आक्काच म्हणत राहील, आणि हौसाला मरेपर्यंत तिच्या उपकाराखाली वाकून वावरावं लागेल. खुर्ची तिची, साडी तिची, माणसंही तिची, आणि आता क्षमा करण्याचं मोठेपणही तिचंच. सगळं सोसेन, पण एवढं नाही, असं हौसाला वाटलं. इतकं लख्ख तिला वर्षभरात काही वाटलं नव्हतं.

"सखूचा नाय, आई," ती म्हणाली. "पाचवा हात माझा व्हता. सखूने वाचवलंय हिला."

सीताने मान वर केली. आवाज कुठून आला ते तिला कळलं होतं, तरी ती चाचपडल्यासारखी दोन्हीकडे बघत राहिली. आत चुलीवर कुणीतरी ठेवलेलं पाणी उकळत होतं. शेवटी तिने विचारलं, "कशापायी?"

हौसाजवळ उत्तरं होती. कारभार मनमानी आहे. वाडीला काही मिळालं नाही. आरे-वाऱ्याला निलेशने सगळी पाठ करून घेतली होती. त्यातलं एकही तिच्या तोंडातून बाहेर पडेना.

"ती माझ्या फुडं गेली म्हणून," ती म्हणाली.

रसिका तहसीलदारापुढे रडली नव्हती, जीपमधून उतरणारी जाऊ बघून रडली नव्हती. ती आता रडायला लागली, पोर रडतं तशी, तोंड न झाकता. तिला रडताना बघून हौसाला आधी बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचीच तिला अशी लाज वाटली, की ती तिथे उंबऱ्यातच खाली बसली, आणि आत जावं की बाहेर हे तिला कुणी सांगेना.